ओव्हरड्राइव्ह पेडलचं किट घरी जुळवताना: कोकणातल्या गिटारवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या वाजवणाऱ्यांकडून हेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एका जागी. पेडल म्हणजे गिटार आणि अँपच्या मध्ये लावायची, पायाने चालू-बंद करायची पेटी. बाजारातली बहुतेक ओव्हरड्राइव्ह किटं आयबानेझ कंपनीच्या ट्यूब स्क्रीमर पेडलच्या सर्किटवर बेतलेली असतात. खालचे आकडे त्याच सर्किटचे आहेत. तुमच्या किटमध्ये एखादी व्हॅल्यू वेगळी दिसली तर किटसोबतचा कागद खरा मानायचा.

१. किटमध्ये काय काय येतं आणि हे सर्किट नेमकं करतं काय?

छापील बोर्ड, रेझिस्टर आणि कपॅसिटरच्या पुड्या, दोन ट्रान्झिस्टर, एक ४५५८ आयसी, दोन १एन४१४८ डायोड, तीन पॉट, म्हणजे फिरवायचे खटके (ड्राइव्ह, टोन, लेव्हल), दोन जॅक, ९ व्होल्टचं सॉकेट, एलईडी आणि नऊ पायांचा फूटस्विच. ॲल्युमिनियमचा बॉक्स काही किटांत येतो, काहींत वेगळा घ्यावा लागतो. घेण्याआधी विचारा.

गिटारचा सिग्नल पहिल्या ट्रान्झिस्टरमधून आयसीच्या पहिल्या अर्ध्या भागात जातो. तिथे तो वाढतो आणि फीडबॅकमधले दोन डायोड त्याची टोकं छाटतात. तो गोलसर फाटलेला आवाज म्हणजेच ओव्हरड्राइव्ह. ४.७ के (किलोओहम) रेझिस्टर आणि ०.०४७ मायक्रोफॅरड कपॅसिटर ही जोडी ठरवते की साधारण ७२० हर्ट्‌झच्या खालचे सूर कमी वाढतील. म्हणून खालच्या तारा चिखल करत नाहीत आणि मधले सूर पुढे येतात. ड्राइव्ह शून्यावर असताना वाढ सुमारे १२ पट, पूर्ण उघडल्यावर सुमारे ११८ पट. आयसीचा दुसरा अर्धा भाग टोन सांभाळतो, दुसरा ट्रान्झिस्टर सिग्नल बाहेर ढकलतो.

२. इलेक्ट्रॉनिक्सचा गंध नाही. पहिलाच हात यावर फिरवू का?

फिरवा. चालतं ते ९ व्होल्टवर, त्यामुळे शॉकची भीती नाही. चटका लागेल तो आयर्नचाच. हत्यारं एवढी पुरतात: २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न, ६०/४० सोल्डर (आत रोझिन फ्लक्स असलेली बारीक तार), डिसोल्डर पंप, कटर आणि साधा डिजिटल मीटर. मीटरवाचून बसू नका. प्रश्न ८ आणि १२ दोन्ही त्याच्याच जिवावर आहेत. पहिल्यांदा करताना चार-पाच तास धरा, तेही एका बैठकीत नकोत. सोल्डरमध्ये शिसं असतं, उठल्यावर हात साबणाने धुवा.

आमच्याकडची एक खास अडचण. संध्याकाळी गावात व्होल्टेज पडतं. २३० ऐवजी १८० व्होल्ट आले की २५ वॅटची आयर्न प्रत्यक्षात १५ वॅटची होते, कारण उष्णता व्होल्टेजच्या वर्गाने घटते. मग सोल्डर वितळते पण पसरत नाही, आणि माणूस स्वतःच्या हाताला दोष देत बसतो. मोठे जॉइंट, म्हणजे जॅक आणि पॉटची पाठ, सकाळी करा.

३. तयार पेडलपेक्षा स्वस्त पडतं का?

हत्यारं घरात असतील तर हो. नसतील तर पहिल्या पेडलला पैसे वाचत नाहीत, दुसऱ्यापासून वाचतात. परदेशातून किट मागवणार असाल तर कस्टम्स ड्यूटी आणि टपालखर्च धरून हिशेब करा. फक्त पैसे वाचवायला किट घेणाऱ्याने जुनं तयार पेडल शोधावं. किट घ्यायचं ते आतलं कळावं आणि बिघडलं तर मुंबई गाठावी लागू नये म्हणून.

४. आवाज तयार पेडलसारखा येतो का? एक म्हणतो लाजवाब, दुसरा म्हणतो नाकात बोलतं. खरं कोणाचं?

व्हॅल्यू बरोबर आणि सोल्डर नीट असेल तर आवाज तोच येतो. सर्किटला बॉक्सवरचं नाव कळत नाही. उलट पॉटची व्हॅल्यू सहज २० टक्के इकडेतिकडे असते, कपॅसिटर १० टक्के. त्यामुळे कारखान्यातून आलेली एकाच मॉडेलची दोन पेडलंही तंतोतंत सारखी नसतात.

मतं फुटतात ती अँपमुळे, आणि पेडल कशासाठी घेतलं त्यावरून. तीन तक्रारी नेहमीच्या आहेत.

पहिली, "नाकात बोलतं". हा मधल्या सुरांचा उठाव आहे आणि तो मुद्दाम ठेवलेला आहे. ज्याच्या अँपमध्ये मधले सूर मुळात कमी आहेत त्याला तो गोड लागतो. दहा-पंधरा वॅटच्या छोट्या ट्रान्झिस्टर अँपचा लहान स्पीकर आधीच मध्यावर जोर देतो, तिथे पेडल लावलं की दुप्पट नाकात. त्यात एकट्याने खोलीत वाजवताना हा उठाव खटकतो, आणि ड्रम, कीबोर्ड सुरू झाले की गिटार ऐकू येते ती त्याच्याच जोरावर. खोलीतल्या अर्ध्या तासावर मत बनवू नका.

दुसरी, "पुरेसं फाटत नाही". हे डिस्टॉर्शन, म्हणजे याहून जोरात फाटणारं पेडल, नव्हे. मेटल वाजवणारे हेच पेडल वापरतात ते ड्राइव्ह जवळजवळ शून्यावर आणि लेव्हल पूर्ण ठेवून, आधीच फाटलेल्या अँपच्या पुढे, खालचे सूर घट्ट करायला. एकट्या पेडलकडून ते काम होणार नाही.

तिसरी, "बेस खातं". खरंच खातं. उपाय प्रश्न १७ मध्ये.

आणि दोन पेडलं शेजारी ठेवून तुलना करताना लेव्हल आधी जुळवा. किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो. निम्मी मतं इथेच बदलतात.

५. किटवर ८०८ आणि ९ असे दोन पर्याय लिहिलेत. कोणता घेऊ?

कुठलाही. टीएस८०८ साधारण १९७९ चं, टीएस९ १९८२ चं. दोन्हींच्या सर्किटमध्ये फरक आहे तो बाहेर पडण्याच्या जागेवरच्या दोन रेझिस्टरचा: ८०८ मध्ये १०० ओहम आणि १० के, ९ मध्ये ४७० ओहम आणि १०० के. यावर रात्र रात्र वाद घालणारे भेटतील. टोनचा खटका एक रेघ फिरवला तर यापेक्षा जास्त फरक पडतो.

६. आयसी "ओरिजिनल जेआरसी ४५५८ डी" च हवी का? सामान मिळतं कुठे?

जेआरसी ४५५८ डी जुन्या पेडलांत होती म्हणून तिचं नाव झालं. फाटलेल्या आवाजाचा पोत ठरतो तो मुख्यतः डायोड, कपॅसिटर आणि ४.७ केवाल्या जोडीवर. टीएल०७२, एनई५५३२, कुठल्याही कंपनीची आरसी४५५८, सगळ्यांची पायजोडणी एकच आहे आणि सगळ्या चालतात. एनई५५३२ वीज जरा जास्त खाते, बॅटरीवर वाजवणाऱ्याने टाळावी. टीएल०७१ किंवा ७४१ मात्र नको, त्यांत एकच ऑप-अँप (सिग्नल वाढवणारा भाग) असतो आणि इथे दोन लागतात. बोर्डवर आठ पायांचा आयसी बेस लावा आणि बदलून ऐका, म्हणजे ऐकीव मतांची गरज उरत नाही.

४५५८, १एन४१४८, बीसी५४७ आणि साधे रेझिस्टर तालुक्याच्या गावात टीव्ही किंवा अँप्लिफायर दुरुस्त करणाऱ्याकडे सापडतात. बास-ट्रेबलच्या बोर्डात ४५५८ सर्रास असते. नऊ पायांचा फूटस्विच, २० केचा पॉट आणि ॲल्युमिनियमचा बॉक्स मात्र मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत किंवा ऑनलाइन बघावा लागतो. फूटस्विच एकाऐवजी दोन मागवा. सोल्डर करताना पहिला बळी त्याचाच जातो, आणि एका स्विचसाठी गणपतीला येणाऱ्या चाकरमान्याची वाट बघणं परवडत नाही.

७. कोणत्या क्रमाने सोल्डर करू?

बुटक्यापासून उंचाकडे. रेझिस्टर, डायोड, आयसी बेस, छोटे कपॅसिटर, ट्रान्झिस्टर, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, मग वायरी, पॉट, जॅक आणि सगळ्यात शेवटी स्विच. आयसी बेसमध्ये बसवायची ती मीटरने ९ व्होल्ट बघून झाल्यावर.

आयर्नचं टोक पाय आणि बोर्डवरची पट्टी दोघांना एकाच वेळी टेकवा, एक सेकंद थांबा, सोल्डर टोकाला नव्हे तर पायाला लावा, ती पसरली की आधी तार आणि मग आयर्न उचला. सगळं मिळून दोन-तीन सेकंद. चांगला जॉइंट चकचकीत असतो आणि पायाकडे चढत जातो. मळकट गोळा नुसता वर बसलेला दिसला तर ते ड्राय सोल्डर. पुन्हा तापवा.

पंखा बंद. मे महिन्यात हे जिवावर येतं, पण पंख्याच्या वाऱ्याने टोक थंड पडतं आणि ड्राय सोल्डर होतं. खिडकी उघडी ठेवा, धूर नाकात जाऊ देऊ नका, आणि बोर्डवर घाम टपकू देऊ नका. टपकलाच तर लगेच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

उलटसुलट लागू शकणारे भाग: डायोडचा पट्टा बोर्डवरच्या पट्ट्याशी जुळवा. इलेक्ट्रोलिटिकचा लांब पाय अधिक, अंगावरची रेघ वजा. एलईडीचा आखूड पाय वजा. आयसीची खाच बेसच्या खाचेकडे. स्विचच्या पायांना एकेकदा तापवून मध्ये थंड होऊ द्या. आतलं प्लास्टिक वितळलं की पाय हलतो आणि स्विच गेला.

बॉक्सला भोकं स्वतः पाडणार असाल तर फूटस्विचला १२ मिलिमीटर, जॅकला १० मिलिमीटर, १६ मिलिमीटरच्या पॉटला ७ मिलिमीटर. आधी ३ मिलिमीटरचं पाडून मग मोठं करा.

८. रेझिस्टरचे रंग कळत नाहीत, कपॅसिटरवरचे आकडेही नाही.

निळ्या अंगाच्या मेटल फिल्म रेझिस्टरवर तांबडा, तपकिरी आणि नारिंगी ट्यूबलाइटखाली सारखेच दिसतात. १ के, १० के आणि १०० के यांत तेवढ्याच एका पट्ट्याचा फरक. त्यामुळे प्रत्येक रेझिस्टर मीटरवर मोजूनच बसवा. बोर्डवर बसल्यावर मोजाल तर आजूबाजूचं सर्किट आकडा बिघडवतं.

कपॅसिटरवर शेवटचा आकडा शून्यांची संख्या सांगतो, हिशेब पिकोफॅरडमध्ये. ४७३ म्हणजे ०.०४७ मायक्रोफॅरड, १०४ म्हणजे ०.१, २२४ म्हणजे ०.२२, १०५ म्हणजे १. फसगत होते ती ५१० वर. तो ५१ पिकोफॅरड, कारण शेवटचा शून्य म्हणजे "एकही शून्य जोडू नका". ५१ ऐवजी ४७ पिकोफॅरड आला तर बिनधास्त लावा.

पॉटवर ए म्हणजे लॉग, बी म्हणजे लिनिअर. ५०० केच्या जागी चुकून १०० के बसला तर ड्राइव्ह पूर्ण उघडूनही वाढ ३२-३३ पटींवर अडकते. "पेडल मरतुकडं आहे" असं लिहिणाऱ्यांनी आधी हे बघावं.

९. किटमधला ट्रान्झिस्टर तुटला. बीसी५४७ चालेल का?

चालेल, पण पाय वेगळ्या क्रमाने असतात. सपाट बाजू आपल्याकडे, पाय खाली, डावीकडून उजवीकडे: २एससी१८१५ चे इमिटर-कलेक्टर-बेस, २एन३९०४ आणि २एन५०८८ चे इमिटर-बेस-कलेक्टर, बीसी५४७ चे कलेक्टर-बेस-इमिटर. म्हणजे २एन५०८८ च्या जागी बीसी५४७ फक्त उलटा फिरवून बसतो. २एससी१८१५ च्या जागी लावताना पाय वाकवून एकमेकांवरून न्यावे लागतात, तिथे वायरचं रिकामं आवरण घाला.

१०. पावसाळ्यात सोल्डर करू नये म्हणतात. आणि खाऱ्या हवेत पेडल किती टिकतं?

सोल्डर करायला हरकत नाही. हरकत आहे ती सामान उघडं पडून राहण्याला. समुद्राजवळ तांब्याची पट्टी आणि पार्टचे पाय लवकर काळवंडतात, काळ्या पायावर सोल्डर पकडत नाही, मग लोक जास्त तापवतात आणि पट्टी उचकटते. आगोटीआधी किट आणलं असेल तर झिपच्या पिशवीत सिलिका जेलसकट ठेवा. पाय काळे पडलेच तर खोडरबराने घासून चकचकीत करा. सॅंडपेपर लावाल तर वरचा कथलाचा थर निघून जातो.

खरा शत्रू चुकीचा फ्लक्स. हार्डवेअरच्या दुकानात पत्रा आणि रेडिएटर जोडायला मिळणारी आम्लाची पेस्ट बोर्डला लावू नका. ती राहिली की दमट हवेत पाणी ओढते आणि पट्टी हिरवी पडत पडत तुटते. रोझिन वापरा आणि काम झाल्यावर जुन्या टूथब्रशने आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून बोर्ड धुवा. पहिल्या ट्रान्झिस्टरचा बेस ५१० के रेझिस्टरवर टांगलेला असतो. एवढ्या मोठ्या रेझिस्टन्सच्या जागी ओला, मळका थर बसला तर त्यातून वीज गळते आणि जुलै-ऑगस्टमध्ये पेडल खरखरायला लागतं. एप्रिलमध्ये तेच पेडल निमूट असतं.

सगळं चालू झाल्याची खात्री पटल्यावर बोर्डच्या मागच्या बाजूला ॲक्रिलिक कॉन्फॉर्मल कोटिंगचा (ओल रोखणाऱ्या लेपाचा) पातळ हात द्या. पॉट, स्विच, जॅक आणि आयसी बेस आधी टेपने झाका. बॉक्सचे लोखंडी स्क्रू बदलून त्याच मापाचे स्टेनलेसचे घाला, नाहीतर दुसऱ्या पावसाळ्यानंतर ते निघत नाहीत. एसी गाडीतून पेडल दमट हॉलमध्ये नेलं तर पिशवीतच अर्धा तास ठेवा. थंड धातूवर लगेच पाणी धरतं.

११. राउटरचा अडॅप्टर लावला तर?

नको. पेडलांना ९ व्होल्ट लागतात ते मध्यभागी वजा, आणि राउटरचे अडॅप्टर सहसा मध्यभागी अधिक असतात. उलटा लावला की बोर्डवरचा संरक्षक डायोड शॉर्ट होऊन आयसी वाचवतो, पण बहुतेकदा स्वतः जळतो. त्यानंतर सरळ अडॅप्टर लावूनही वीज मिळत नाही. असं झालं तर तेवढा १एन४००१ बदला.

तपासायची रीत: मीटरची लाल पिन प्लगच्या आतल्या भोकात, काळी बाहेरच्या धातूला. −९ दिसलं तर बरोबर. जुना, जड, ट्रान्सफॉर्मरवाला "९ व्होल्ट" अडॅप्टर भार नसताना १२-१३ दाखवतो आणि घूं घेऊन येतो. रेग्युलेटेड घ्या.

१२. सगळं जोडलं, एलईडी लागते, आवाज नाही. आता?

या क्रमाने जा. अंदाजाने पार्ट बदलत सुटू नका.

स्विच दाबून बायपासमध्ये, म्हणजे पेडल बंद असताना, गिटार ऐकू येते का बघा. तिथेही गप्प असेल तर बोर्ड निर्दोष आहे, चूक जॅक किंवा स्विचच्या वायरिंगमध्ये. टोकाची आणि बाहेरची वायर अदलाबदल झालेली असते.

बायपास चालतो पण पेडल गप्प, तर व्होल्टेज मोजा. काळी पिन बॉक्सच्या अर्थला. आयसीच्या ८ नंबर पायावर सुमारे ९, ४ नंबरवर ०, आणि १, २, ३, ५, ६, ७ या सगळ्यांवर सुमारे ४.५ व्होल्ट. ४.५ कुठेच नसेल तर वीज अर्धी करणारे दोन १० के रेझिस्टर आणि त्यांच्यापुढचा ४७ मायक्रोफॅरड बघा. एकाच पायावर आकडा वेगळा असेल तर त्या पायाचं सोल्डर. ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर ९, बेसवर ४.५ पेक्षा जरा कमी, इमिटरवर बेसपेक्षा साधारण ०.६ ने कमी. आयसी हाताला चटका देत असेल तर ती उलटी बसली आहे. काढा, आणि नवीच लावा.

व्होल्टेज सगळं बरोबर असूनही आवाज नसेल तर सिग्नलचा माग काढा. जुन्या गिटार केबलच्या मधल्या तारेला ०.१ मायक्रोफॅरड कपॅसिटर जोडा, बाहेरची जाळी पेडलच्या अर्थला आणि केबलचं दुसरं टोक अँपमध्ये, अँपचा आवाज कमी. कोणाला तरी गिटार छेडत बसवा आणि कपॅसिटरचं मोकळं टोक या क्रमाने टेकवत जा: इनपुट जॅक, पहिल्या ट्रान्झिस्टरचा इमिटर, आयसीचा पाय ३, पाय १, पाय ७, दुसऱ्या ट्रान्झिस्टरचा इमिटर, आउटपुट. जिथे आवाज मरतो त्याच्या आणि त्याच्या आधीच्या जागेच्या मध्ये चूक आहे. पाय ३ वर स्वच्छ आणि पाय १ वर फाटलेला आवाज आला तर पेडलचा जीव शाबूत आहे.

टेबलावर चालतं आणि बॉक्समध्ये घातलं की बंद, असं असेल तर पॉटची धातूची पाठ बोर्डच्या टोकांना टेकते आहे. मध्ये इन्सुलेशन टेप नाहीतर पुठ्ठा घाला.

१३. आवाज येतो, पण घूं थांबत नाही.

गिटारचा व्हॉल्यूम शून्य करा. घूं गेली तर ती गिटारच्या पिकअपमधून किंवा केबलमधून येते, पेडल फक्त ती वाढवून दाखवतं. सिंगल-कॉइल पिकअप, फिरवायचा पंख्याचा रेग्युलेटर आणि ट्यूबची जुनी चोक ही नेहमीची मंडळी. शून्यावरही घूं राहिली तर ९ व्होल्टची बॅटरी लावून बघा. बॅटरीवर शांत असेल तर दोष अडॅप्टरचा.

लाइट गेल्यावर इन्व्हर्टर सुरू होतो आणि तेव्हाच करकर वाढते, असं पुष्कळ जण सांगतात. स्वस्त इन्व्हर्टर गुळगुळीत लहरीऐवजी चौकोनी लहर देतात, आणि तिच्या कडा अँपमध्ये ऐकू येतात. अँप साइन वेव्ह इन्व्हर्टरवर घ्या, पेडल बॅटरीवर. पेडल ७-८ मिलीअँपिअर खातं, म्हणजे अल्कलाइन बॅटरी साठेक तास पुरते. इनपुट जॅकमध्ये प्लग राहिला तर मात्र पेडल बंद असूनही बॅटरी रिकामी होते.

उन्हाळ्यात घूं वाढत असेल तर घराचं अर्थिंग बघा. जांभ्या दगडात पाणी टिकत नाही, एप्रिल-मेमध्ये अर्थचा खड्डा ठणठणीत कोरडा पडतो आणि अर्थ नावालाच राहतो. खड्ड्यात पाणी ओता. घूं घालवायला अँपच्या प्लगची अर्थ पिन तोडण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. माइकला ओठ लागून शॉक बसतो तो अशाच जुगाडाने.

ड्राइव्ह पूर्ण उघडल्यावरची बारीक सळसळ हा दोष नाही. ११८ पट वाढवल्यावर ती येणारच.

१४. पेडल चालू केलं की आकाशवाणी ऐकू येते!

बॉक्स अर्थला जोडलेला नाही, किंवा इनपुटच्या जॉइंटपैकी एक ड्राय आहे. रंग दिलेल्या बॉक्समध्ये जॅकच्या भोकाभोवतीचा रंग आतून खरवडा, धातूला धातू लागू द्या. इनपुटची वायर आखूड करा. तरी राहिलं तर इनपुट आणि अर्थ यांच्यामध्ये १०० पिकोफॅरड लावा. बातम्या बंद होतात, गिटारच्या आवाजाला धक्का लागत नाही.

१५. मंडपात अँप नसतो, मिक्सरला थेट लावतो. आवाज गांधीलमाश्यांसारखा का येतो?

गिटारचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्‌झच्या वरचं फारसं वाजवत नाही. फाटलेल्या आवाजाच्या कडा तो आपोआप झाकतो. साउंड सिस्टिमचे ट्विटर मात्र सगळं वाजवतात. यात किटचा दोष नाही, दहापट महागडं पेडलही तिथे तसंच वाजेल. पेडलनंतर कॅबिनेट सिम्युलेटर (गिटारच्या स्पीकरची नक्कल करणारं यंत्र) लावा, किंवा छोटा अँप ठेवून त्यासमोर माइक उभा करा. दोन्ही शक्य नसेल तर टोन नऊच्या काट्यावर, ड्राइव्ह निम्म्याखाली, आणि मिक्सरवर मिडचा स्वीप असेल तर ४-५ किलोहर्ट्‌झला उतार द्या. मिक्सरचा "हाय" खटका सहसा त्याहून वरच काम करतो, एकट्याने पुरत नाही.

१६. ट्रू बायपास चांगला की बफर? किटवाले ट्रू बायपासची जाहिरात करतात.

जुन्या ट्यूब स्क्रीमरमध्ये पेडल बंद असतानाही सिग्नल ट्रान्झिस्टर बफरमधून, म्हणजे तो कमकुवत होऊ न देता पुढे ढकलणाऱ्या भागातून, जायचा. किटमध्ये नऊ पायांच्या स्विचमुळे बंद असताना सिग्नल सरळ पलीकडे जातो, तो ट्रू बायपास. एक-दोन पेडलं आणि आखूड केबल असेल तर फरक नगण्य.

अपवाद मंडपवाल्यांचा. मिक्सरच्या लाइन इनपुटची इंपीडन्स (सिग्नलला होणारा अडथळा) १० के ओहमच्या घरात असते, गिटारला मात्र त्याच्या कितीतरी पट जास्त हवी असते. ट्रू बायपास पेडल चालू असताना आवाज खुलतो आणि बंद केलं की मेलेला वाटतो, तो यामुळे. अशा वेळी साखळीत एखादं बफरवालं पेडल कायम ठेवा, किंवा डीआय बॉक्स (गिटार मिक्सरला जुळवून देणारी डबी) वापरा.

स्विच दाबल्यावर "ठक्‌" होत असेल तर इनपुट आणि अर्थमध्ये १ मेगओहम रेझिस्टर लावा.

१७. बेस परत आणायचा आहे. काय बदलू?

०.०४७ च्या जागी ०.१ मायक्रोफॅरड. सीमा ७२० वरून सुमारे ३४० हर्ट्‌झवर येते, वाढ तेवढीच राहते. बहुतेकांना इथेच समाधान मिळतं. ड्राइव्ह वाढवायला ४.७ के काढून २.२ के लावणारे फसतात: वाढ अडीचशे पटींवर जाते हे खरं, पण सीमाही दीड हजार हर्ट्‌झवर चढते आणि आवाज आणखी पातळ होतो. २.२ के लावायचाच असेल तर सोबत कपॅसिटर ०.१ किंवा ०.२२ करा.

१८. डायोड बदलले तर?

१एन४१४८ सुमारे ०.६ व्होल्टला छाटतात. तांबडे एलईडी १.७ च्या आसपास, म्हणून आवाज मोठा, मोकळा, आणि ड्राइव्ह कमी असताना जवळपास स्वच्छ. जर्मेनियम ०.३ च्या आसपास, लवकर आणि मऊ फाटतात, पण लेव्हल खाली जाते. एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दोन १एन४१४८ लावले तर छाटणी असमान होते. बॉस कंपनीच्या १९७७ च्या ओडी-१ पेडलमध्ये हीच युक्ती होती. आमचं मत विचाराल तर सोल्डर न करता आयसी बेसच्या पट्टीत डायोड खोचून आधी ऐका. मंडपात लोकांना कळणारा फरक फक्त एलईडीचा.

१९. १८ व्होल्ट दिले तर जास्त मोकळं वाजतं म्हणतात.

आयसीला चालतात, कपॅसिटरला चालतीलच असं नाही. किटमधले इलेक्ट्रोलिटिक बहुधा १६ व्होल्टचे असतात, आणि १८ वर ते फुगतात किंवा फुटतात. शिवाय आवाज छाटतात ते डायोड, आणि त्यांना वीज किती आहे याचं सोयरसुतक नाही. या सर्किटमध्ये फायदा इतका कमी आहे की उद्योग न केलेला बरा.

२०. बेंजोला, बेस गिटारला किंवा अकूस्टिकला चालेल का?

बेंजोला मॅग्नेटिक पिकअप आणि मोठा जॅक असेल तर चालतं, आणि छान चालतं. एका वेळी एकच सूर वाजतो, म्हणून ड्राइव्ह अर्ध्यावर ठेवूनही आवाज स्पष्ट राहतो. फक्त भोंग्यावर जाणार असेल तर टोन खाली घ्या, कारण प्रश्न १५ मध्ये आहे.

बेस गिटारला प्रश्न १७ चा बदल केल्याशिवाय नको, तरीही खालचा भाग थोडा जातो. अकूस्टिकमध्ये प्रीअँप असेल तर आवाज येतो, पण पोकळ अंग आणि एवढी वाढ एकत्र आली की शिट्टी ठरलेली.

२१. वर्षभराने पॉट खरखरतात आणि स्विच कधी लागतो, कधी नाही.

पॉटच्या पायांजवळच्या फटीतून इलेक्ट्रॉनिक्सचा कॉन्टॅक्ट क्लीनर एकदा मारा आणि खटका वीस-तीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. बिजागरीला मारायचा गंजरोधक स्प्रे वापरू नका, त्याचा चिकट थर राहतो आणि धूळ धरतो. साफ करूनही फिरवताना ठराविक जागीच खरखर येत असेल तर पॉटची पट्टी तिथे झिजली आहे, पॉट बदला. या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखीच खरखर येत असेल तर बहुधा पॉटचा दोष नसून त्यावर डीसी (स्थिर व्होल्टेज) चढला आहे. शेजारचा कपॅसिटर गळतोय, तो बदला.

जॅक आणि प्लगची टोकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. सैल जॅकची पट्टी पक्कडने जराशी आत वाकवा. फूटस्विच मात्र साफ करत बसू नका. मीटर बीपवर लावून तिन्ही रांगा तपासा, दाबल्यावर एकही रांग चुकत असेल तर नवा बसवा. काढण्याआधी नऊ वायरींचा मोबाइलवर फोटो घ्या.